सावली सर्वांत लहान केव्हा असते?

दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो आणि सावली सर्वांत लहान होते, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. फळ्यावर हे विधान खपून जाते, मैदानावर टिकत नाही. फेब्रुवारीच्या मध्यास पुण्यातील एखादी छात्राध्यापिका, म्हणजे शिक्षक होण्याचे प्रशिक्षण घेणारी विद्यार्थिनी, सराव पाठासाठी मुलांना बाहेर घेऊन गेली, तर बारा वाजून गेल्यावरही काठीची सावली आखूडच होत राहते, मुले कारण विचारतात आणि पाठ टाचणात, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्यात, त्याचे उत्तर नसते. मैदानावर शिकवण्याचा धीर खचतो तो अशा वेळी. म्हणूनच डी.एल.एड. आणि बी.एड. या शिक्षक-प्रशिक्षण अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांनी हा प्रयोग मुलांना देण्याआधी स्वतः उन्हात उभे राहून पुरता करायला हवा, असे मला आग्रहाने वाटते.

भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्ताची आहे आणि पुणे त्याच्या पश्चिमेला सुमारे ८.६ अंशांवर आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटे लागतात, त्यामुळे पुण्याचा माध्यान्ह, म्हणजे सूर्य आकाशात सर्वांत उंच आणि सावली सर्वांत लहान असण्याचा क्षण, सरासरीने १२ वाजून ३५ मिनिटांनी येतो. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि अक्ष कललेला असल्याने त्यात आणखी फरक पडतो: फेब्रुवारीच्या मध्यास माध्यान्ह १२.४९च्या सुमारास, तर नोव्हेंबरच्या आरंभी १२.१९च्या सुमारास होतो.

मात्र ही वेळ थेट मोजायला गेलो, तर हाती काही लागत नाही. फेब्रुवारीतील त्या दिवशी १ मीटर उंचीच्या काठीची सावली माध्यान्ही सुमारे ६१ सेंटिमीटर असते आणि त्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या १० मिनिटांत तिच्या लांबीत जेमतेम २ मिलिमीटरचा फरक पडतो. सूर्य बिंदू नसून तबकडी आहे, त्यामुळे सावलीच्या टोकाची कड सुमारे १ सेंटिमीटर पुसट असते. त्या पुसटपणात २ मिलिमीटर शोधणार कसे? याउलट माध्यान्हाच्या दोन तास आधी सावली १० मिनिटांत सुमारे ५ सेंटिमीटरने आखूड होते. म्हणून मोजमाप तेव्हाच घ्यावे. ओळंबा लावून काठी सरळ रोवावी, सुतळीने तिच्याभोवती ९० सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ आखावे आणि सावलीचे टोक वर्तुळाला सकाळी व दुपारी ज्या क्षणी स्पर्श करते, तेथे खूण करून वेळ लिहावी. समजा त्या वेळा १०.५७ आणि २.४१ आल्या, तर त्यांचा मध्य १२.४९ हा माध्यान्ह. दोन खुणा जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम दिशा दाखवते. कात्यायन शुल्बसूत्र या यज्ञवेदींच्या भूमितीवरील प्राचीन ग्रंथात वेदीची दिशा ठरवण्यासाठी हीच रीत सांगितली आहे.

अडचण वेळापत्रकाची आहे. सराव पाठ एका तासिकेचा असतो आणि हा पाठ मधल्या सुट्टीच्या दोन्ही बाजूंना पसरतो. अध्यापक विद्यालयांनी तो दोन भागांचा एकच पाठ म्हणून मान्य करावा. शिक्षकाने सूर्याकडे तोंड करून उभे राहावे, म्हणजे मुलांच्या पाठीवर ऊन येते आणि त्यांचे डोळे दिपत नाहीत. सूर्याकडे थेट पाहायचे नाही, ही सूचना मात्र रोज द्यावी. ग्रहणात सूर्यातून वेगळे घातक किरण बाहेर पडतात, या समजुतीने अजूनही अनेक घरांत मुलांना कोंडून ठेवतात. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहण्यातला धोका इतर दिवशीही असतोच, आणि सावलीवर काम करणाऱ्या मुलांना सूर्याकडे पाहण्याची गरजच पडत नाही.

पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत माध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेला असतो. शाळा उघडल्यावर २१ जूनच्या आसपास ढगांतून ऊन पडले, तर त्याच काठीची माध्यान्हीची सावली दक्षिणेकडे, सुमारे ९ सेंटिमीटर पडलेली दिसते; फेब्रुवारीत ती उत्तरेकडे असते. हे टिपण पाठ टाचणात आधीच असावे.