सार्वजनिक आरोग्य सरकारच्या हाती कसे आले

१३७७ मध्ये एड्रियाटिक समुद्राकाठच्या रागुझा, म्हणजे आजच्या दुब्रोवनिक, या नगरराज्याने एक ठराव केला. प्लेगची लागण असलेल्या भागातून येणाऱ्याने आधी तीस दिवस बाहेर काढायचे, मगच शहरात पाऊल टाकायचे. पुढे व्हेनिससारख्या बंदरांतून ही मुदत चाळीस दिवसांवर गेली. व्हेनिसने तर १४२३ मध्ये एका बेटावर प्लेगच्या रोग्यांसाठी कायमची वेगळी जागाच उभी केली. रोग कशामुळे होतो हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हते. पण साथ आल्यावर प्रत्येकाने आपापल्या घरापुरता बंदोबस्त करून भागत नाही आणि सर्वांना लागू होईल असा हुकूम कुणीतरी काढावा लागतो, एवढे उमगले होते. आरोग्याच्या बाबतीत सरकारचे पहिले काम हे असे अडवण्याचे होते. आजही सर्वाधिक वाद त्यावरूनच होतात.

दुसरे काम मोजण्याचे. ते फारसे कुणाच्या नजरेत भरत नाही. मला मात्र ते सर्वांत महत्त्वाचे वाटते. इंग्लंड आणि वेल्समध्ये १८३७ पासून जन्म-मृत्यूची सरकारी नोंदणी सुरू झाली. संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांनी त्या नोंदींमधून कोणत्या भागात किती माणसे आणि कशाने मरतात, याचे तक्ते तयार केले. १८४२ मध्ये एडविन चॅडविक यांचा श्रमिकांच्या राहणीमानावरचा अहवाल आला. चॅडविक डॉक्टर नव्हते, गरिबांच्या मदतीचा कायदा राबवणाऱ्या खात्याचे सचिव होते. त्यांच्या अहवालात लिव्हरपूलमधल्या सधनांचे मृत्यूसमयीचे सरासरी वय ३५ आणि मजुरांचे १५ असे दिले होते. मजुरांचा आकडा एवढा खाली आला तो मुख्यतः लहान मुलांच्या मृत्यूंमुळे. एकाच शहरातली ही तफावत कागदावर आल्यावर तिला दैवगती म्हणून सोडून देणे अवघड झाले.

चॅडविक यांचा युक्तिवाद दयेपेक्षा हिशेबाचा होता. कमावता माणूस आजाराने गेला की त्याचे कुटुंब सरकारी मदतीवर येते. त्यापेक्षा गटारे बांधणे आणि घरोघरी पाणी पोहोचवणे स्वस्त पडेल. दुर्गंधीमुळे रोग पसरतो ही त्यांची समजूत चुकीची होती, तरी मैला आणि सांडपाणी वस्तीबाहेर नेण्याचा त्यांचा उपाय लागू पडणारा होता. १८४८ मध्ये सार्वजनिक आरोग्याचा कायदा झाला, पण तो बराचसा ऐच्छिक होता. जिथे दर हजारी मृत्यूंचे प्रमाण २३ च्या वर गेले असेल तिथेच केंद्राला सक्ती करता येत होती. करदात्यांना खर्च नको होता आणि नगरपालिकांना वरून आलेला हुकूम खपत नव्हता. १८५४ मध्ये चॅडविक यांना पदावरून जावे लागले. त्याच वर्षी लंडनमध्ये डॉक्टर जॉन स्नो यांनी पटकीचे, म्हणजे कॉलऱ्याचे, मृत्यू नकाशावर मांडले आणि पाण्याच्या एका सार्वजनिक पंपाकडे बोट दाखवले. पाणी, मलनिःसारण आणि आरोग्य अधिकाऱ्याची नेमणूक हे स्थानिक संस्थांचे बंधनकारक कर्तव्य असल्याचे पुरतेपणी ठरायला १८७५ चा कायदा यावा लागला.

सरकारने हात आखडता घेतला तर काय होते, ते १८९२ मध्ये हॅम्बुर्गने पाहिले. जर्मन साम्राज्यातले हे स्वायत्त बंदर व्यापाऱ्यांच्या हाती होते. एल्ब नदीचे पाणी न गाळताच नळांना सोडले जाई. गाळण केंद्राची चर्चा खर्चावरून वर्षानुवर्षे रेंगाळली होती. शेजारचे आल्टोना शहर प्रशिया या जर्मन राज्याच्या अखत्यारीत होते. ते नदीच्या खालच्या अंगाला असल्याने हॅम्बुर्गची घाण पोटात घेऊन आलेले पाणी त्याच्या वाट्याला यायचे, पण तिथे ते वाळूच्या थरांतून गाळून मगच पुरवले जाई. ऑगस्टमध्ये पटकी आली. बंदराचा व्यापार बसेल या धास्तीने हॅम्बुर्गच्या कारभाऱ्यांनी ती जाहीर करायला उशीर लावला. काही आठवड्यांत सुमारे ८,६०० माणसे गेली. दोन्ही शहरांची हद्द काही ठिकाणी एकाच रस्त्यावरून जात होती. हवा तीच, राहणारे त्याच थरातले, पण हॅम्बुर्गच्या बाजूच्या घरांत पटकी शिरली आणि समोरची आल्टोनाची घरे जवळपास सुटली. बर्लिनहून आलेले जीवाणुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी याच रेषेवर बोट ठेवले. हॅम्बुर्गचे गाळण केंद्र पुढच्याच वर्षी सुरू झाले.

उपचारांचा खर्च सरकारने अंगावर घेणे हा वेगळा प्रवाह आहे. जर्मनीत चॅन्सेलर बिस्मार्क यांनी १८८३ मध्ये कामगारांसाठी आजारपणाचा विमा आणला, दोन तृतीयांश हप्ता कामगाराचा आणि एक तृतीयांश मालकाचा. ब्रिटनने १९४८ मध्ये करांच्या पैशावर चालणारी, उपचाराच्या वेळी पैसे न मागणारी सेवा उभी केली. बहुतेक देशांच्या व्यवस्था या दोन नमुन्यांच्या मिश्रणातून घडल्या आहेत. विमा योजना कितीही चांगली असली तरी ती पाणी तपासत नाही, हे मात्र अर्थसंकल्प मांडताना सहज विसरले जाते. खाटेवरचा रोगी दिसतो आणि त्याच्यासाठी पैसा मागता येतो. न झालेल्या साथीच्या वतीने पैसा मागायला कुणी येत नाही. म्हणून काटछाट करायची वेळ आली की पहिली कात्री प्रतिबंधावर चालते.

देवीच्या निर्मूलनात अडवणे आणि मोजणे ही दोन्ही कामे एकत्र आली. जागतिक आरोग्य संघटनेने १९६७ मध्ये मोहीम तीव्र केली तेव्हा सरसकट लसीकरणावर भर होता. नंतर पद्धत बदलली: रोगी शोधायचा, त्याला वेगळे ठेवायचे आणि त्याच्या संपर्कातल्या सगळ्यांना टोचायचे. अखेरच्या टप्प्यात रोगी कळवणाऱ्याला बक्षीसही दिले जाई. नैसर्गिक लागणीचा शेवटचा रोगी १९७७ मध्ये सोमालियात आढळला आणि १९८० मध्ये रोग संपल्याची घोषणा झाली. त्याच सुमारास, १९७८ मध्ये, तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या अल्मा-आता येथील आंतरराष्ट्रीय परिषदेने प्राथमिक आरोग्य सेवेचा जाहीरनामा काढला आणि पाणी, पोषण, लसीकरण, माता-बालसंगोपन व साधे उपचार एकत्र, लोकांच्या जवळ नेण्याची दिशा दिली.

साथ लपवण्याचा मोह मात्र हॅम्बुर्गपुरता नव्हता. व्यापार आणि पर्यटन बुडण्याची भीती प्रत्येक सरकारला असते. २००३ च्या सार्स या श्वसनरोगाच्या साथीनंतर आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम नव्याने लिहिले गेले आणि २००७ पासून लागू झाले. देशाबाहेर धोका पोहोचवू शकणारी घटना आढळली, तर तसे ठरल्यापासून २४ तासांत जागतिक आरोग्य संघटनेला कळवायचे. न कळवणाऱ्याला दंड नाही. शिवाय मुदत पाळायची तर आधी घटना सापडली पाहिजे. त्यासाठी एखाद्या छोट्या आरोग्य केंद्रातल्या कर्मचाऱ्याने एका आठवड्यात तापाचे रोगी नेहमीपेक्षा जास्त आल्याचे नोंदवायला हवे, नमुना प्रयोगशाळेत पोहोचायला हवा आणि तिथल्या तंत्रज्ञाची जागा भरलेली असायला हवी. या सगळ्याचा पगार त्या त्या देशाच्या सरकारी तिजोरीतूनच निघतो.