मोफत कायदेशीर मदतीचं काम करायचंय? नागपुरातल्या लॉच्या विद्यार्थ्यांचे अर्ज इथे अडकतात

पहिला घोळ इथेच होतो: दोन वेगळ्या गोष्टींसाठी मुलं एकच अर्ज घेऊन फिरतात. गरीब पक्षकारांच्या केसेस मोफत चालवणाऱ्या वकिलाकडे काम शिकणं म्हणजे इंटर्नशिप. गरजूंना मोफत वकील देणाऱ्या सरकारी यंत्रणेचा, म्हणजे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा, पॅरालीगल व्हॉलंटियर (लोकांना कायदेशीर मदतीपर्यंत पोहोचवणारा स्वयंसेवक), म्हणजे पीएलव्ही, हे वेगळं प्रकरण. त्याचे अर्ज बारा महिने घेत नाहीत. जाहिरात निघते, निवड होते, मग प्रशिक्षण. लॉचा विद्यार्थी पीएलव्ही होऊ शकतो, पण सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मिळेपर्यंतच. मानधन फक्त नेमून दिलेल्या दिवसांचं असतं. हा पगार नाही, हे घरी आधीच सांगून ठेवा.

इंटर्नशिपला बोनाफाईड, ओळखपत्र आणि कॉलेजचं पत्र लागतं. पहिली दोन सहज मिळतात. रखडतं ते पत्र. 'ज्याच्याशी संबंधित आहे त्यास' अशा मायन्याचं पत्र आणू नका. त्यात वकिलाचं नाव, कामाचा कालावधी, जावक क्रमांक आणि प्राचार्यांची सही-शिक्का हवा. प्राचार्य रजेवर, लिपिक जेवायला, आणि तुमची तारीख उद्याची, हे चित्र मी इतक्यांदा पाहिलंय की आता सांगतो, पंधरा दिवस आधीच अर्ज टाका.

आता तारखा. बार कौन्सिलच्या 2008 च्या नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला एकूण किमान 12 आठवडे आणि पाच वर्षांच्याला 20 आठवडे इंटर्नशिप लागते. पण एका वर्षात सलग 4 आठवड्यांपेक्षा जास्त चालत नाही. तरी '1 मे ते 30 जून' असे अर्ज येतातच! त्यातही मे महिन्यात कोर्टाला उन्हाळी सुट्टी, तातडीचीच कामं चालतात. नागपूरच्या उन्हात सिव्हिल लाइन्सच्या कोर्टात रोज जाऊन बघणार काय? सुट्टीत यायचंच असेल तर वकिलांच्या ऑफिसात फाइली वाचायला या. सुनावण्या बघायच्या असतील तर दिवाळीनंतरचे दिवस बरे.

काम संपल्यावर प्रमाणपत्रावर सुरुवातीची आणि शेवटची तारीख आहे ना, ते तिथेच उभं राहून वाचा. 'समाधानकारक काम केले' एवढंच लिहिलेला कागद कॉलेज परत करतं, आणि तोवर वकीलसाहेब बाहेरगावी गेलेले असतात.

वकीलपत्रावर सही करणं आणि कोर्टात उभं राहून बाजू मांडणं तुमचं काम नाही, त्याला सनद लागते. पक्षकाराशी बोलणं, घटनाक्रम लिहून काढणं, कागद लावणं हे तुमचं. आणि इथे एक चूक हमखास होते. मोफत वकील मागायला आलेल्या बाईला मुलं उत्पन्नाचा दाखला आणायला तहसीलला पिटाळतात. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे महिला, बालकं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग आणि कोठडीतले बंदी यांना उत्पन्नाची अट नाही. तिच्याकडून अर्ज भरून घ्या आणि तिला त्याच दिवशी प्राधिकरणाच्या खिडकीपर्यंत सोडून या. घरून फोन करणाऱ्यांना 15100 हा विधी सेवेचा हेल्पलाइन नंबर द्या.