निर्यात साहाय्य योजना, लघुउद्योगांसाठी (पुणे जिल्हा)

पहिल्यांदाच परदेशात माल पाठवू पाहणाऱ्या सूक्ष्म व लघुउद्योगांना केंद्र सरकार, राज्य सरकार, निर्यात प्रोत्साहन परिषदा आणि बँका यांच्याकडून मिळणारी मदत. नोंदणी, प्रशिक्षण, करांचा परतावा, खेळते भांडवल, पैसे बुडण्याविरुद्धचा विमा, चाचण्या व प्रमाणपत्रांचा खर्च, परदेशी प्रदर्शनातला स्टॉल अशी तिची अनेक अंगे आहेत. ती एका खात्याकडे नाहीत. वाणिज्य मंत्रालय, सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालय, सीमाशुल्क आणि जीएसटी विभाग, रिझर्व्ह बँक, राज्याचा उद्योग विभाग आणि पणन मंडळ यांच्यात ती वाटली गेली आहेत. नवख्या उद्योजकाची पहिली दमछाक इथेच होते.

पुण्यातील परिस्थिती

पिंपरी, चिंचवड, भोसरी, चाकण, तळेगाव आणि रांजणगाव या पट्ट्यातील हजारो लहान कारखान्यांचा माल आजही परदेशात जातो, पण त्यांच्या नावाने जात नाही. भोसरीतल्या एखाद्या शेडमध्ये सीएनसी यंत्रावर टर्निंग झालेला भाग मोठ्या कंपनीच्या असेंब्लीत बसतो आणि ती असेंब्ली जर्मनीला किंवा अमेरिकेला रवाना होते. शिपिंग बिलावर, म्हणजे सीमाशुल्क विभागाकडे भरायच्या निर्यातीच्या कागदावर, नाव मोठ्या कंपनीचे, ड्रॉबॅक (शुल्काचा परतावा) तिला, परदेशी ग्राहकाशी ओळखही तिचीच. जॉबवर्क करणाऱ्या मालकाकडे कौशल्य असते, मोजमापाची शिस्त असते, यंत्रे असतात, मात्र त्याच्या मालाची परदेशात किंमत काय येते हे त्याला ठाऊक नसते. वाहन उद्योगात मंदी आली की ऑर्डरी एकाच वेळी आटतात, कारण सगळ्यांचे गिऱ्हाईक तेच दोन-चार असतात. पुण्यात या योजनांचे महत्त्व म्हणूनच वेगळे आहे. निर्यात म्हणजे काय हे इथल्या माणसाला नव्याने शिकवावे लागत नाही. त्याला स्वतःच्या नावाने माल पाठवता यावा, एवढ्यासाठी हात द्यावा लागतो.

मधला एक टप्पाही आहे. मर्चंट एक्स्पोर्टर, म्हणजे दुसऱ्याकडून माल घेऊन निर्यात करणारा व्यापारी, ठरावीक अटी पाळत असेल तर उत्पादक त्याला केवळ ०.१ टक्का जीएसटी लावून माल देऊ शकतो. ही सवलत ऑक्टोबर २०१७ पासून आहे. पॅकिंग, कागदपत्रे आणि परदेशी ग्राहकाच्या अपेक्षा समजून घेण्यासाठी ही वाट चांगली. पण वर्षानुवर्षे तिच्यावरच राहिले तर जॉबवर्कचीच स्थिती वेगळ्या नावाने चालू राहते.

अनुदानाकडून परताव्याकडे

निर्यातीला संघटित प्रोत्साहन देण्याचे प्रयत्न पन्नासच्या दशकात सुरू झाले. अभियांत्रिकी मालासाठीची निर्यात प्रोत्साहन परिषद १९५५ सालची. निर्यातीतील जोखमीचा विमा उतरवणारे महामंडळ १९५७ मध्ये मुंबईत स्थापन झाले, तेच आजचे ईसीजीसी. जून १९६६ मधील रुपयाच्या अवमूल्यनानंतर निर्यातदाराला थेट रोख साहाय्य मिळू लागले आणि १९९१ च्या आर्थिक सुधारणांमध्ये ते बंद झाले.

पुढचा मोठा बदल जागतिक व्यापार संघटनेमुळे झाला. मालाच्या किमतीवर ठरावीक टक्के बक्षीस देणारी एमईआयएस योजना २०१५ पासून चालू होती. अमेरिकेने तिच्यासह इतर काही योजनांविरुद्ध दाद मागितली आणि ३१ ऑक्टोबर २०१९ रोजी तिथल्या तंटा निवारण पॅनेलचा निर्णय बऱ्याच अंशी भारताच्या विरोधात गेला. निर्यातीवर अवलंबून असलेले अनुदान चालत नाही. मालावर देशात बसलेला कर परत करणे मात्र चालते. हे तत्त्व धरून १ जानेवारी २०२१ पासून रोडटेप ही योजना आली. डिझेलवरचा कर, वीज शुल्क यांसारखे जे कर जीएसटीत येत नाहीत आणि दुसऱ्या कोणत्या मार्गाने परत मिळत नाहीत, त्यांची भरपाई ती करते. रक्कम सीमाशुल्क विभागाच्या आइसगेट पोर्टलवर इलेक्ट्रॉनिक स्क्रिपच्या, म्हणजे शुल्कापोटी वापरता येणाऱ्या जमा रकमेच्या, रूपात जमा होते. ती आयात शुल्क भरायला वापरता येते. आयात न करणाऱ्या लहान उत्पादकाला ती दुसऱ्या आयातदाराला थोडी कमी किंमत घेऊन विकता येते. ही रक्कम नफा नव्हे, खर्चाचा परत आलेला भाग आहे. भाव ठरवतानाच ती धरली नाही तर पहिले कोटेशन महाग पडते, आणि न मिळालेली ऑर्डर का गेली ते कळतही नाही.

नोंदणी आणि कागद

सुरुवात उद्यम नोंदणीने होते. १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योगाची मर्यादा यंत्रसामग्रीत २.५ कोटी रुपये गुंतवणूक आणि १० कोटी उलाढाल, तर लघुउद्योगाची २५ कोटी आणि १०० कोटी अशी आहे. या व्याख्येतली एक तरतूद निर्यात करू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी: उलाढाल मोजताना निर्यातीची रक्कम वगळली जाते. परदेशी विक्री वाढली म्हणून लघुउद्योगाचा दर्जा जाईल आणि सवलती बंद होतील, ही भीती अनेकांना वाटते. ती निराधार आहे.

आयात-निर्यात संकेतांक, म्हणजे बोलण्यातला आयईसी, विदेश व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर ५०० रुपये शुल्क भरून मिळतो. जीएसटी आल्यापासून पॅन क्रमांक हाच आयईसी असतो. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात त्याची माहिती अद्ययावत करावी लागते, बदल काही नसला तरी. नाही केली तर संकेतांक निष्क्रिय होतो आणि तयार माल बंदरावर अडकतो. महासंचालनालयाचे प्रादेशिक कार्यालय पुण्यातच असल्याने अडलेल्या कामासाठी मुंबई गाठावी लागत नाही. याशिवाय बँकेचा एडी कोड (परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या शाखेचा क्रमांक) आइसगेटवर नोंदवणे, मालाचा आठ अंकी एचएस कोड (वर्गीकरण क्रमांक) नीट ठरवणे आणि संबंधित परिषदेचे सदस्यत्व प्रमाणपत्र घेणे ही कामे आहेत. एचएस कोड चुकला तर परतावा, परदेशातले शुल्क आणि मूळदेशाचे (माल कोणत्या देशात बनला याचे) प्रमाणपत्र तिन्ही चुकतात, म्हणून त्याचा निर्णय घाईत एजंटावर सोडू नये.

निर्यातीवर जीएसटीचा दर शून्य धरला जातो. एलयूटी, म्हणजे हमीपत्र, दर आर्थिक वर्षी ऑनलाइन भरले की कर न भरता माल पाठवता येतो आणि कच्च्या मालावर भरलेल्या कराचा परतावा मागता येतो. हमीपत्र न देता कर भरून माल पाठवला, तर शिपिंग बिल हाच परताव्याचा अर्ज मानला जातो. ज्याचे भांडवल तोकडे आहे त्याच्यासाठी बहुधा एलयूटीच बरे.

पहिल्यांदा निर्यात करणाऱ्यांसाठी

केंद्राच्या आंतरराष्ट्रीय सहकार्य योजनेत २०२२ मध्ये नव्या निर्यातदारांसाठी खास भाग जोडला गेला. त्यात सूक्ष्म व लघुउद्योगांना परिषदेच्या सदस्यत्व शुल्कापैकी ७५ टक्के किंवा २०,००० रुपये यांतील कमी असेल ती रक्कम, निर्यात विम्याच्या हप्त्यापोटी १०,००० रुपयांपर्यंत आणि चाचणी व गुणवत्ता प्रमाणपत्रांसाठी १ लाख रुपयांपर्यंत परत मिळतात. गुणवत्तेसाठीच्या झेड प्रमाणपत्राच्या शुल्कात सूक्ष्म उद्योगाला ८० टक्के आणि लघुउद्योगाला ६० टक्के सूट आहे.

मदत योग्य ठिकाणी दिलेली आहे, कारण परदेशी ग्राहक विचारतो ते चाचणी अहवाल आणि प्रमाणपत्रच. पण सगळी रचना आधी खर्च करा, मग मागा अशी आहे. दहा कामगारांचा पगार महिन्याच्या महिन्याला भागवणाऱ्याला लाखभर रुपये काही महिने गुंतवून ठेवणे जड जाते. या योजनांमधली सर्वांत मोठी उणीव हीच आहे, आणि ती रक्कम वाढवून भरून निघणारी नाही; पैसे मिळण्याची वेळ अलीकडे आणावी लागेल.

ईपीसीजी योजनेत यंत्रे शुल्काशिवाय आयात करता येतात, पण वाचलेल्या शुल्काच्या सहापट निर्यात सहा वर्षांत करून दाखवावी लागते. न जमल्यास शुल्क व्याजासह भरावे लागते. हातात पक्के परदेशी गिऱ्हाईक नसताना, केवळ यंत्र स्वस्त पडते म्हणून, लहान उत्पादकाने या बंधनात पडू नये.

भांडवल आणि विमा

ऑर्डर किंवा एलसी (पैसे देण्याची ग्राहकाच्या बँकेची लेखी हमी) हाती असेल तर बँक माल तयार करण्यासाठी पॅकिंग क्रेडिट देते. त्यावरच्या व्याजात सरकार काही टक्के भार उचलत असे. १ एप्रिल २०१५ पासूनची ही व्याज समानीकरण योजना ३१ डिसेंबर २०२४ रोजी संपली आणि लगेच दुसरी व्यवस्था आली नाही. नेमके पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०२५ मध्ये, अमेरिकेने अनेक भारतीय वस्तूंवरचे शुल्क ५० टक्क्यांवर नेले. १२ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२५-२६ ते २०३०-३१ या काळासाठी २५,०६० कोटी रुपयांच्या निर्यात प्रोत्साहन मिशनला मान्यता दिली. त्यातील ‘निर्यात प्रोत्साहन’ हा भाग कर्ज आणि व्याजाशी, तर ‘निर्यात दिशा’ हा भाग गुणवत्ता, पॅकेजिंग, प्रदर्शने, वाहतूक अशा गोष्टींशी संबंधित आहे. त्याच दिवशी निर्यातदारांना तारणाशिवाय वाढीव कर्ज मिळावे यासाठी २०,००० कोटी रुपयांपर्यंतच्या पतहमीलाही मान्यता मिळाली. त्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेने निर्यातीचे पैसे देशात आणण्याची मुदत नऊ महिन्यांवरून पंधरा महिने केली.

मुदत वाढली म्हणजे पैसे लवकर येतात असे नाही. परदेशी ग्राहकाने पैसे बुडवले, दिवाळखोरी जाहीर केली किंवा त्याच्या देशाने परकीय चलन रोखले, तर नुकसानीचा बहुतांश भाग ईसीजीसी भरून देते. तिची शाखा पुण्यात आहे. पॉलिसी घेण्याआधी ग्राहकाची पत तपासून मिळते, हा फायदा भरपाईइतकाच मोलाचा. ईमेलवर ओळख झालेल्या पार्टीला उधारीवर कंटेनर पाठवण्याआधी एवढे तरी करावेच.

पुण्यातील संस्था

जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा निर्यात प्रोत्साहन समिती काम करते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या विदेश व्यापार धोरणात जिल्हा हे निर्यातीचे केंद्र मानण्यावर भर आहे आणि समिती त्याचाच भाग आहे. जिल्हा उद्योग केंद्र तिचे रोजचे काम पाहते. १९३४ मध्ये स्थापन झालेले मराठा चेंबर, म्हणजे इथल्या उद्योजक-व्यापाऱ्यांची संघटना, मूळदेशाची प्रमाणपत्रे देते आणि निर्यातीचे प्रशिक्षण वर्ग घेते. हस्तकला, कपडे, मसाले अशा लहान पार्सलांसाठी टपाल खात्याने २०२२ पासून डाकघर निर्यात केंद्रे सुरू केली. घरगुती व्यवसाय करणाऱ्या महिलांना कंटेनरचा विचार न करता निर्यात सुरू करायची असेल तर हा सर्वांत सोपा दरवाजा.

शेतीमालाची बाजू पुण्यात विशेष भक्कम आहे. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात मुख्यालय असलेले राज्य कृषी पणन मंडळ निर्यातीचे अभ्यासक्रम चालवते. द्राक्ष बागायतदारांच्या सहकारी संस्थांना एकत्र आणणारी महाग्रेप्स १९९१ पासून पुण्यातून चालते. मराठा चेंबरने नाबार्डच्या साहाय्याने २०२१ मध्ये कृषी निर्यात सुविधा केंद्र उभारले. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात कीडनाशकांच्या अवशेषांसाठीची राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा आहे. तिची गरज २०१० च्या हंगामात कडवटपणे पटली. क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अवशेष मर्यादेपेक्षा जास्त आढळल्याने युरोपात भारतीय द्राक्षांचे कंटेनर अडले आणि बागायतदारांना मोठा फटका बसला. त्यानंतर तपासणी कडक झाली. बागेची नोंदणी, नमुना, अहवाल आणि पेटी एकमेकांना जोडणारी अपेडाची (शेतीमालाच्या निर्यातीसाठीच्या केंद्रीय संस्थेची) ग्रेपनेट ही प्रणाली २००६ पासून आहेच. ग्रेपनेट आणि तपासणीची ही जोड सरकारी निर्यात साहाय्याचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणता येईल. तिने शेतकऱ्याला युरोपातल्या दुकानदाराचा विश्वास मिळवून दिला, आणि तो एकट्या शेतकऱ्याला कधीच मिळवता आला नसता.

अलीकडची गोष्ट पुरंदरच्या अंजिराची. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले हे फळ इतके नाजूक की ताजे लांब पाठवणे अवघड. पुरंदर हायलँड्स या शेतकरी उत्पादक कंपनीने त्याचा रस बाटलीत भरला, २०२३ च्या एका खाद्य प्रदर्शनात अपेडाच्या दालनातून तो दाखवला आणि २०२४ मध्ये पोलंडला पाठवला. तळेगावच्या फ्लोरिकल्चर पार्कमधली गुलाबाची फुलेही व्हॅलेंटाइन डेच्या आधी परदेशी जातात, मुख्यतः मुंबई विमानतळावरून.

वाहतूक आणि नवे नियम

जड माल न्हावा शेवा बंदरातून जातो. सीमाशुल्काची तपासणी पुण्याजवळच्या तळेगाव किंवा दिघी येथील डेपोत उरकता येते. लाकडी पॅलेट किंवा खोके वापरायचे तर त्यावर उष्णता प्रक्रियेचा आयएसपीएम-१५ शिक्का हवा. कास्टिंग उत्तम, पण पॅलेटवर शिक्का नाही म्हणून माल परत, असे होऊ शकते.

मुक्त व्यापार करारांचा फायदा लहान निर्यातदार फार कमी घेतात. संयुक्त अरब अमिरातीशी झालेला करार १ मे २०२२ पासून, ऑस्ट्रेलियाशी झालेला २९ डिसेंबर २०२२ पासून आणि स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड व लिख्टेनश्टाइन यांच्याशी झालेला १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू आहे. योग्य मूळदेश प्रमाणपत्र जोडले तर तिथल्या ग्राहकाचे शुल्क कमी होते किंवा माफ होते, आणि तेवढ्याने कोटेशन चिनी पुरवठादाराच्या जवळ जाऊ शकते.

युरोपीय संघाची, आयात मालामागच्या कार्बन उत्सर्जनावर आकार लावणारी कार्बन सीमा यंत्रणा १ जानेवारी २०२६ पासून पूर्ण लागू झाली. पोलादी नट, बोल्ट आणि स्क्रू तिच्या कक्षेत येतात, म्हणजे भोसरी-चाकणमधले फास्टनर बनवणारेही. आयात करणाऱ्या युरोपीय कंपनीला उत्सर्जनाचा हिशेब द्यावा लागत असल्याने ती तो पुरवठादाराकडे मागते: पोलाद कोणत्या कारखान्याचे, ते झोतभट्टीत खनिजापासून केलेले की स्क्रॅपपासूनचे, हीट ट्रीटमेंटला किती वीज किंवा गॅस लागला. वीजबिले आणि पोलादाची टेस्ट सर्टिफिकेटे लॉटनुसार जपून ठेवणे एवढे काम कोणत्याही कारखान्याला आजपासून करता येते. हा हिशेब मांडून त्याची पडताळणी करून घेणे मात्र लहान उद्योगाच्या आवाक्यापलीकडचे असून त्यासाठी सामाईक सुविधा पुरवणे हे जिल्हा समितीपुढचे तातडीचे काम आहे.