विदर्भातले धोंडे: काही बर्फाने आणलेले, काही माणसांनी मांडलेले

उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जाणाऱ्या चंद्रपुरात कधीकाळी हिमनदी सरकत होती, हे ऐकून चंद्रपूरकर आधी हसतील. पण पुरावा जमिनीतच आहे. पैनगंगेच्या खोऱ्यात इरई गावाजवळ बारीक गाळाच्या थरात गोटे आणि मोठाले धोंडे एकत्र रुतलेले आहेत. वाहतं पाणी असं करत नाही. ते जड दगड आधी टाकतं, गाळ पुढे नेतं. शिवाय इथले काही धोंडे एका बाजूने घासून सपाट झालेत, त्यांवर ओरखडे आहेत, आणि खालच्या चुनखडीवरही तसेच चरे. भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याच्या फ्रान्सिस फेडन यांनी १८७५ मध्ये ही माहिती प्रसिद्ध केली. ओडिशातल्या तालचेरचा असाच थर ब्लॅनफर्ड बंधूंनी १८५६ मध्येच बर्फाशी जोडला होता, पण उष्ण प्रदेशात बर्फ कुठला, म्हणून शंका घेतली जात होती. इरईच्या चऱ्यांनी त्या शंकेतला दम काढला. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी भारत गोंडवन भूमीचा, म्हणजे दक्षिणेकडचे खंड एकत्र जोडलेल्या प्रचंड भूभागाचा, भाग होता, दक्षिण ध्रुवाच्या बाजूला. बर्फ हटल्यावर तिथे जंगलं माजली. आजचा चंद्रपूर-वणीचा कोळसा त्यांचाच.

नागपूरजवळच्या जुनापाणीचे दगड मात्र या गोष्टीतले नव्हेत. ते काळ्या बेसॉल्टचे, म्हणजे त्या बर्फानंतर वीसेक कोटी वर्षांहून अधिक काळाने निघालेल्या लाव्हाचे. ते माणसांनी गोलाकार मांडले, मध्ये मृतांसोबत लोखंडी हत्यारं आणि मडकी पुरली. काळ ढोबळमानाने इसवी सनापूर्वीचं पहिलं सहस्रक. रिव्हेट-कारनॅक या इंग्रज अधिकाऱ्याने १८६७ च्या सुमारास इथे उकरून पाहिलं. काही दगडांवर वाटीसारखे छोटे खळगे ओळीने कोरलेले आहेत. त्याला ते थेट ब्रिटनमधल्या खळग्यांसारखे वाटले. साम्य दिसलं की नातं जोडायची त्या काळची घाईच होती. शिस्तीचं उत्खनन बरंच नंतरचं: १९६० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ बा. के. थापर यांनी जुनापाणीला, पुढे शां. भा. देव आणि सहकाऱ्यांनी माहुरझरी, नैकुंडला. माहुरझरीला घोडे तांब्याच्या साजासह पुरलेले सापडले, नैकुंडला लोखंड गाळायची भट्टी.

गडचिरोलीत भामरागडकडचे माडिया आदिवासी तर मृतांच्या नावाने दगड उभे करत आलेत, म्हणून त्या भागातल्या प्रत्येक उभ्या दगडाला सरसकट प्राचीन म्हणता येत नाही.