शिफ्ट दाबली की उघडणारा हिशोब

मोंढ्यातल्या कितीतरी अडत दुकानांत आजही गल्ल्याशेजारी एक जुना कॉम्प्युटर असतो. त्यात कुणीतरी ओळखीच्या पोरानं पंधरा-वीस वर्षांपूर्वी करून दिलेलं हिशोबाचं सॉफ्टवेअर चालू असतं. असं घरगुती सॉफ्टवेअर अनेकदा मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेस या माहितीचे तक्ते सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये बांधलेलं असतं, कारण सगळा डेटा एकाच फाईलमध्ये राहतो आणि वेगळा सर्व्हर लागत नाही. शेतकऱ्याचं नाव, गाव, मोबाईल, बँकेचं खातं, आधार क्रमांक, सोयाबीन-तुरीच्या पट्ट्या आणि शेवटी एक रकाना: उचल. पेरणीच्या तोंडावर कुणी किती नेले, किती फिटले, किती थकले.

हा रकाना बाहेर गेला तर काय होतं, हे मराठवाड्यातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. पोरीची सोयरीक जुळत आलेली असताना बापाच्या थकबाकीचा आकडा पाहुण्यांच्या कानावर गेला, तर ते घर वर्षानुवर्षं त्यातून बाहेर येत नाही. ज्याची अब्रू जाते त्याला ही फाईल कुठं आहे हेसुद्धा ठाऊक नसतं. म्हणून फाईल सांभाळणाऱ्यावर जबाबदारी मोठी आहे. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणतो, “पासवर्ड हाय की त्याला!” खरा प्रश्न इथूनच सुरू होतो, कारण पासवर्ड दोन अगदी वेगळी कामं करू शकतो.

पहिल्या प्रकारात पासवर्ड म्हणजे ज्वारीच्या रानातला राखणदार. तो माळ्यावर उभा आहे तोवर पाखरं लांब राहतात, पण कणसं उघडीच असतात. प्रोग्रॅम पासवर्ड विचारतो, चुकला तर आत सोडत नाही. मात्र डिस्कवर माहिती जशीच्या तशी लिहिलेली असते. दुसऱ्या प्रकारात पासवर्डापासून एक किल्ली तयार होते आणि तिच्या साहाय्यानं फाईलमधला बाइट न् बाइट बदलून टाकला जातो. याला एन्क्रिप्शन म्हणतात, मराठीत कूटलेखन. इथं प्रोग्रॅमला वळसा घालून थेट फाईल वाचली तरी हाती अर्थहीन आकडेच लागतात.

आपला पासवर्ड कोणत्या प्रकारचा आहे हे घरबसल्या तपासता येतं. फाईलची एक प्रत काढा. शिफ्टची कळ दाबून धरा आणि त्या प्रतीवर डबल क्लिक करा. अ‍ॅक्सेसमध्ये सुरुवातीलाच लॉगिनची खिडकी यावी अशी सोय करता येते, आणि घरगुती सॉफ्टवेअरमध्ये पासवर्ड विचारणारी खिडकी बहुधा तीच असते. शिफ्ट दाबून फाईल उघडली की अ‍ॅक्सेस ही सुरुवातीची पायरीच गाळतो. ही कळ बंद करायची तरतूद आहे, पण ती कुणीतरी मुद्दाम वापरावी लागते. वापरली नसेल, तर लॉगिन बाजूला राहतं आणि सगळे तक्ते समोर येतात. त्यातच ‘युजर्स’ नावाचा एखादा तक्ता सापडतो आणि मालकाचा, मुनिमाचा पासवर्ड त्यात साध्या अक्षरांत लिहिलेला असतो.

शिफ्टनं फाईल उघडली नाही, तर तीच प्रत नोटपॅडमध्ये उघडा. एमडीबी या अ‍ॅक्सेसच्या जुन्या प्रकारच्या फाईलच्या अगदी सुरुवातीला ‘स्टँडर्ड जेट डीबी’ ही रोमन अक्षरं दिसतील. खाली कचऱ्यासारख्या चिन्हांत मधूनच एखादं गावाचं नाव, एखादा मोबाईल नंबर जसाच्या तसा वाचता आला, तर राखणदाराच्या मागं काहीच झाकलेलं नाही. काही जुन्या हिशोबांत नावं शिवाजी किंवा श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये भरलेली असतात आणि नोटपॅडमध्ये ती विचित्र इंग्रजी अक्षरांसारखी दिसतात. त्यावर विसंबू नये. तो फॉन्ट लावला की मराठी नावं परत उभी राहतात.

अ‍ॅक्सेसच्या आत डेटाबेसचा म्हणून एक वेगळा पासवर्डही असतो. अ‍ॅक्सेस ९७ पासून २००३ पर्यंतच्या एमडीबी फाईलमध्ये तोदेखील राखणदारच होता. तो फाईलच्या पहिल्याच पानावर साठवलेला असे, फक्त ‘एक्सॉर’ नावाच्या क्रियेनं थोडा फिरवून. ही क्रिया सोपी आहे. ‘ए’ या रोमन अक्षराचा संगणकातला आकडा ६५. त्याला समजा १३४ या आकड्यानं एक्सॉर केलं, तर १९९ मिळतात. १९९ ला पुन्हा १३४ नं एक्सॉर करा, ६५ परत. म्हणजे फिरवायचा आकडा ठाऊक असला की पासवर्ड ठाऊक झाला. अ‍ॅक्सेस ९७ मध्ये तर या आकड्यांची मालिका जगातल्या प्रत्येक फाईलला एकच होती. पुढच्या आवृत्त्यांनी तिच्यात फाईल तयार झाल्याची तारीख मिसळली, पण ती तारीखही त्याच पानावर असते. असा पासवर्ड क्षणात दाखवणारी साधनं त्यामुळेच फुकट मिळतात.

ऑगुस्त केरखॉफ्स या भाषातज्ज्ञानं १८८३ मध्येच लष्करी सांकेतिक लेखनाबद्दल लिहून ठेवलं होतं की पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये, गुपित फक्त किल्लीत असावं. जुन्या एमडीबीत नेमकं उलटं होतं. पद्धत कळली की सगळंच कळत होतं.

अ‍ॅक्सेस २००७ पासून एसीसीडीबी ही नवी फाईल आली आणि पासवर्ड लावला की डेटा खरोखर कूटबद्ध होऊ लागला. २०१० पासूनच्या ऑफिसमध्ये त्यासाठी एईएस ही पद्धत वापरली जाते. अमेरिकेच्या मानक संस्थेनं १९९७ मध्ये जगभरातून प्रस्ताव मागवले, त्यांतून बेल्जियमच्या योआन डेमेन आणि विन्सेंट रायमन यांची रचना निवडली गेली आणि २००१ मध्ये ती प्रमाण ठरली. तिचा सगळा तपशील कुणालाही वाचता येतो. तिची लहानातली लहान किल्ली १२८ बिटांची, म्हणजे शून्य किंवा एक भरायच्या १२८ घरांची, म्हणजेच शक्य किल्ल्यांची संख्या ३९ अंकी. एकेक किल्ली लावून पाहणं माणसाच्या आवाक्यातलं नाही, म्हणून चोर किल्लीच्या मागं लागतच नाही. तो तुमच्या पासवर्डाचा अंदाज बांधतो.

इथं एक सुंदर युक्ती कामाला येते, ती म्हणजे मुद्दाम केलेला उशीर. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी १९७९ मध्ये युनिक्स या संगणक प्रणालीच्या पासवर्डांवर एक लेख लिहिला. त्यात पासवर्ड तपासण्याची क्रिया एकदा करायच्या ऐवजी २५ वेळा केलेली होती, आणि प्रत्येक पासवर्डात एक वेगळा यादृच्छिक आकडा मिसळला होता. त्या आकड्याला सॉल्ट म्हणतात. त्याच्यामुळं एकदा तयार केलेली उत्तरांची यादी सगळ्यांना लावता येत नाही. ऑफिस २०१० नं हीच कल्पना पुढं नेऊन किल्ली बनवण्याची गणिती क्रिया एक लाख वेळा करायला लावली. मालकाला फाईल उघडताना हा उशीर जाणवतही नाही. लाखो अंदाज लावणाऱ्याला मात्र तो प्रत्येक अंदाजाला मोजावा लागतो.

आता आपल्याकडचे पासवर्ड घेऊ. गाडीचा नंबर फार जणांना आवडतो. लातूरची गाडी म्हणजे एमएच २४, मग दोन अक्षरं, मग चार आकडे. २६ गुणिले २६ गुणिले १०,००० म्हणजे जास्तीत जास्त ६७ लाख ६० हजार शक्यता. एखादं यंत्र सेकंदाला दहा कोटी साध्या क्रिया करतं असं धरू. एक लाख फेऱ्यांमुळं त्याला सेकंदाला हजारच अंदाज लावता येतील, तरीही लातूरच्या सगळ्या शक्य गाड्या दोन तासांच्या आत तपासून होतात. नांदेडचा २६, परभणीचा २२, बीडचा २३ घेतला तरी तेवढाच वेळ. मोबाईल नंबरला याच हिशोबानं दीड महिना लागेल, पण तो तर दुकानाच्या पाटीवरच रंगवलेला असतो. पोराचं नाव आणि पुढं १२३, देवाचं नाव आणि जन्मसाल, हे तर चोराच्या यादीत सगळ्यात वर असतात. माणसाच्या मनात जे सहज येतं ते दुसऱ्याच्याही मनात येतं, म्हणून निवड मनावर सोडू नये. ती फाशावर सोडावी.

घरातल्या ल्युडोचा फासा त्याला पुरतो. २६ रोमन अक्षरं आणि १० आकडे मिळून ३६ चिन्हं होतात आणि फासा दोनदा टाकला की ३६ पैकी एक घर ठरतं. सहा ओळी, सहा रकाने आखून चिन्हं भरून घ्या आणि बारा चिन्हांचा पासवर्ड काढा. एकूण २४ वेळा फासा पडला. लक्षात ठेवायला शब्द हवे असतील, तर तिफण, रांजण, कडबा, हुरडा असे रोजच्या वापरातले १,२९६ शब्द क्रमानं लिहून काढा. चार वेळा फासा टाकला की एक शब्द, सहा शब्दांना पुन्हा २४ वेळा. दोन्हींची ताकद तंतोतंत सारखी, कारण दोन्हीकडं ६ चा २४ वा घात आहे. मघाच्या यंत्राला त्या सगळ्या शक्यता संपवायला सुमारे १५ कोटी वर्षं लागतील. अ‍ॅक्सेसच्या पासवर्डला २० अक्षरांची मर्यादा आहे, त्यात सहा शब्द बसत नाहीत. तिथं बारा चिन्हांचाच वापरा.

शब्द रोमनमध्ये टाईप करा, देवनागरीत नको. मला मराठीचा कितीही अभिमान असला तरी हे ठामपणे सांगतो. ‘सोयऱ्या’तला अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हेनं लिहिता येतो. एका कीबोर्डवर खाली नुक्ता असलेलं ऱ हे वेगळं अक्षर पडतं, दुसऱ्यावर साधा र, हलंत आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते दोन निरनिराळे शब्द आहेत. पासवर्ड लिहिताना तर नुसते ठिपके दिसतात. कॉम्प्युटर बदलला, कीबोर्ड बदलला, की मालक स्वतःच्याच हिशोबाबाहेर.

अ‍ॅक्सेस २००० ते २००३ ची जुनी एमडीबी फाईल असेल, तर ती नव्या अ‍ॅक्सेसमध्ये उघडून एसीसीडीबी म्हणून साठवायची. मग ती ‘ओपन एक्सक्लुझिव्ह’ या पर्यायानं उघडून ‘फाईल’मधल्या ‘इन्फो’त ‘एन्क्रिप्ट विथ पासवर्ड’ निवडायचं. हे काम सोपं आहे, अवघड भाग नंतरचा. जुनी उघडी फाईल डिलीट केली तरी हार्ड डिस्कवर तिचे अवशेष राहतात. पेन ड्राइव्हवरचा दिवाळीचा बॅकअप, सीएला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली एक्सेल, भंगारात गेलेला आधीचा कॉम्प्युटर, या सगळ्यांत तोच उचलीचा रकाना उघडा पडलेला असतो. म्हणून मला एकट्या फाईलपेक्षा सगळी डिस्क झाकणं जास्त पटतं. विंडोज प्रोमध्ये बिटलॉकर आहे, आणि व्हेराक्रिप्ट फुकट मिळतं. नुसता विंडोजचा लॉगिन पासवर्ड पुरत नाही. डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली की तो विचारलाच जात नाही. दुरुस्तीला कॉम्प्युटर देताना नेमकं हेच घडू शकतं. फाईल आणि डिस्क दोन्ही झाकल्या तर उत्तम.

खऱ्या कूटलेखनाला मागचं दार नसतं. पासवर्ड विसरला तर करून देणारा पोरगा, कंपनी, कुणीच काही करू शकत नाही. म्हणून तो कागदावर लिहून, पाकीट बंद करून, कॉम्प्युटरपासून लांब, घरातल्या एका विश्वासाच्या माणसाला सांगून ठेवावा. बॅकअपही दोन ठेवावेत, कारण फाईल उघडी असताना लाईट गेली तर ती बिघडू शकते, आणि कूटबद्ध फाईल दुरुस्त करणं साध्या फाईलपेक्षा कठीण असतं.

कायदाही आता यात आला आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा घरगुती, खासगी नोंदींना लागू नाही, पण दुकानाचा हिशोब त्या सवलतीत बसत नाही. माहिती सांभाळण्यात कसूर झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे.

जी माहिती फाईलमध्येच नाही, ती चोरीला जाऊ शकत नाही. पट्टी करायला आधारचे बाराही आकडे लागतात का, ते एकदा बघावं. ओळख पटवायला शेवटचे चार पुरत असतील तर बाकीचे आठ काढून टाकावेत. फिटलेल्या उचलीच्या जुन्या नोंदी किती वर्षं लागतात ते सीएला विचारून ठरवावं आणि त्यापलीकडच्या काढाव्यात. मात्र अ‍ॅक्सेसमध्ये नोंद डिलीट केली म्हणजे ती फाईलमधून लगेच पुसली जात नाही, जागा फक्त मोकळी मानली जाते. त्यानंतर ‘कॉम्पॅक्ट अँड रिपेअर’ चालवलं की फाईल नव्यानं लिहिली जाते आणि काढलेल्या नोंदी नव्या फाईलमध्ये येत नाहीत. मग बॅकअपच्या पेन ड्राइव्हवरची जुनी प्रतही बदलावी, नाहीतर ते आठ आकडे तिथं तसेच राहतात.