रंगहीन, पारदर्शक, सहा बाजूंचा: क्वार्ट्झ की कॅल्साइट?

खडक आणि खनिजे यांच्या सामान्यज्ञानाची परीक्षा घेताना एक प्रश्न वारंवार विचारला जातो: रंगहीन, पारदर्शक, काचेसारखी चमक असलेला आणि सहा बाजूंचा स्फटिक कोणत्या खनिजाचा? अपेक्षित उत्तर ‘क्वार्ट्झ’ असते आणि बहुतेक जण तेच देतात. मला मात्र हा प्रश्नच अपुरा वाटतो, कारण यातले प्रत्येक विशेषण कॅल्साइटलाही लागू पडू शकते. कॅल्साइटचे स्फटिक शेकडो निरनिराळ्या आकारांत आढळतात आणि त्यांत सहा बाजूंचे स्तंभही असतात. दोन्ही खनिजे शुद्ध असतील तर रंगहीन असतात आणि अशुद्धीमुळे दोहोंना गुलाबी, पिवळ्या, तपकिरी अशा छटा येतात. वजनावरूनही फारसे कळत नाही, कारण क्वार्ट्झचे विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या तुलनेतली घनता) २.६५ आणि कॅल्साइटचे २.७१ आहे, आणि एवढा फरक हाताला जाणवत नाही.

खरा फरक रासायनिक घटकांत आणि अणूंच्या मांडणीत आहे. क्वार्ट्झ, म्हणजेच नेहमीच्या बोलण्यातली गारगोटी, हे सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचे संयुग आहे, तर कॅल्साइट हे कॅल्शियम कार्बोनेट आहे. डोळ्यांना हा फरक दिसत नाही. तो बाहेर यावा यासाठी खनिज फोडून, ओरखडून किंवा त्यावर आम्ल टाकून पाहावे लागते.

फोडण्यापासून सुरुवात करणे मला सर्वांत उद्बोधक वाटते. क्वार्ट्झमध्ये सिलिकॉनचा प्रत्येक अणू ऑक्सिजनच्या चार अणूंशी आणि ऑक्सिजनचा प्रत्येक अणू सिलिकॉनच्या दोन अणूंशी बांधलेला असतो, आणि ही वीण सर्व दिशांना सारख्याच ताकदीने पसरलेली असल्यामुळे तिच्यात सहज उसवेल अशी पातळी जवळजवळ नसते. म्हणून क्वार्ट्झ जाड काचेप्रमाणे फुटतो आणि फुटलेल्या पृष्ठावर शिंपल्यावर असतात तशा वक्र रेषा उमटतात. या प्रकाराला शंखाभ भंजन म्हणतात. कॅल्साइटच्या रचनेत मात्र तीन दिशांना बंध तुलनेने दुबळे असतात. त्यामुळे हातोडीचा हलका घाव बसला, तरी त्याचे सपाट, चकचकीत बाजूंचे तिरपे ठोकळे होतात आणि त्यांच्या बाजूंवरचे कोन सुमारे ७८ आणि १०२ अंशांचे असतात. ठोकळा पुन्हा फोडला तरी त्याच कोनांचे लहान ठोकळे मिळतात. खनिजाच्या अशा ठरावीक पातळ्यांवर फुटण्याला पाटन म्हणतात. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रेंच शास्त्रज्ञ रने जुस्त आवी यांनी कॅल्साइटच्या याच गुणावरून असा विचार मांडला, की स्फटिक बाहेरून कितीही वेगळे दिसले तरी ते एकाच आकाराच्या अतिसूक्ष्म घटकांच्या रचाईतून घडलेले असतात.

यात नवशिक्याची हमखास चूक होते ती स्फटिकाची नैसर्गिक बाजू आणि पाटनाची पातळी यांत. क्वार्ट्झच्या सहा सपाट बाजू त्याच्या वाढीतून तयार झालेल्या असतात, फुटण्यातून नव्हे. स्तंभाच्या त्या बाजूंवर बहुधा आडव्या बारीक रेघा असतात, त्यांचाही ओळखण्यासाठी चांगला उपयोग होतो.

ओरखड्याची कसोटी सर्वांना ठाऊक आहे. जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रीड्रिख मोस यांनी १८१२ मध्ये मांडलेल्या कठिनता श्रेणीत कॅल्साइट ३ वर आणि क्वार्ट्झ ७ वर आहे. पोलादी सुरी साधारण साडेपाचच्या आसपास येते, म्हणून तिचा ओरखडा कॅल्साइटवर उमटतो, क्वार्ट्झवर उमटत नाही. उलट क्वार्ट्झ काचेवर ओरखडा काढतो. मात्र क्वार्ट्झवर सुरी घासली की झिजलेल्या पोलादाची करडी रेघ त्यावर राहते आणि ती ओरखड्यासारखी दिसते. ती बोटाने पुसून पाहावी. खरा ओरखडा पुसला जात नाही.

आम्लाची कसोटी त्याहून झटपट आहे. विरल, थंड हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब पडताच कॅल्साइट फसफसते, कारण कार्बोनेटातून कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडतो. क्वार्ट्झवर तोच थेंब निवांत पडून राहतो.

प्रकाशाच्या बाबतीत कॅल्साइटचे वागणे अद्भुतच म्हणावे लागेल. त्याचा स्वच्छ ठोकळा अक्षरांवर ठेवला तर प्रत्येक अक्षर दोनदा दिसते, कारण आत शिरणारा किरण दुभंगून त्याचे दोन किरण होतात. क्वार्ट्झमध्येही किरण दुभंगतो, पण त्यातील दोन अपवर्तनांकांमधला (किरण किती वळतो हे सांगणाऱ्या आकड्यांमधला) फरक जेमतेम ०.००९ आहे आणि कॅल्साइटमध्ये तोच ०.१७२ आहे. डॅनिश विद्वान रास्मुस बार्थोलिन यांनी आइसलँडहून आलेल्या कॅल्साइटच्या आधारे या द्विअपवर्तनाचे वर्णन १६६९ मध्ये प्रसिद्ध केले. विशेष म्हणजे कोपनहेगनमध्ये जन्मलेले शास्त्रज्ञ निकोलस स्टेनो यांनी त्याच वर्षी क्वार्ट्झचे स्फटिक अभ्यासून असे दाखवले, की स्फटिक लहान असो वा मोठा, सुबक असो वा वेडावाकडा, त्याच्या समान बाजूंमधले कोन बदलत नाहीत. सतत एकमेकांशी गल्लत होणाऱ्या या दोन खनिजांनी एकाच वर्षी आपापले गुपित उघड करावे, हा योगायोग मला फार आवडतो.

विजेच्या बाबतीत क्वार्ट्झची बाजू वरचढ आहे. त्यावर दाब दिला की त्याच्या पृष्ठांवर विद्युत्‌भार निर्माण होतो, हे झाक आणि पिएर क्यूरी या बंधूंनी १८८० मध्ये दाखवले. घड्याळातला क्वार्ट्झचा तुकडा याच गुणामुळे सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. कॅल्साइटच्या रचनेला सममितीचे केंद्र असल्यामुळे, म्हणजे केंद्राच्या एका बाजूच्या प्रत्येक अणूसमोर विरुद्ध बाजूला तसाच अणू असल्यामुळे, त्यात हा परिणाम घडूच शकत नाही.

खनिजांमधली ही गल्लत पुढे खडकांमध्येही उतरते. वालुकाश्मातले कण बहुधा क्वार्ट्झचे असतात आणि उष्णता आणि दाबाने त्याचे रूपांतर झाले की क्वार्ट्झाइट हा खडक तयार होतो. चुनखडक मुख्यतः कॅल्साइटचा असतो आणि त्याचा संगमरवर होतो. पांढरा क्वार्ट्झाइट आणि पांढरा संगमरवर शेजारी ठेवले तर दोन्ही साखरेसारखे दाणेदार दिसतात, पण सुरी आणि आम्ल त्यांची ओळख लगेच पटवतात. कार्बन डायऑक्साइड मिसळलेल्या पाण्यात कॅल्साइट सावकाश विरघळते, म्हणूनच चुनखडकात गुहा पडतात. क्वार्ट्झ मात्र झिजण्याला आणि रासायनिक बदलाला दाद देत नाही, म्हणून बाकीची खनिजे नाहीशी झाल्यावर वाळूत तोच उरतो.

खडकावर या कसोट्या वापरताना अधिक जपावे लागते. ठिसूळ वालुकाश्मावर सुरी फिरवली की दाणे निखळून चर पडतो, पण त्यावरून दाणे मऊ ठरत नाहीत. निखळलेला दाणा काचेवर घासून पाहिला पाहिजे. वालुकाश्माचे कण बांधणारे द्रव्यच कॅल्साइटचे असेल, तर क्वार्ट्झने भरलेला तो खडक आम्लाने फसफसतो. याच्या उलटही घडते: चुनखडकात चकमकीच्या दगडाच्या गाठी असतात, त्या अतिसूक्ष्म क्वार्ट्झच्या बनलेल्या असतात, आणि आम्लाचा थेंब नेमका अशा गाठीवर पडला तर ढीगभर कॅल्साइट असलेला खडकही अगदी गप्प राहतो.