तोंडाच्या कॅन्सरची सरकारी तपासणी: अर्ज कुठे, कागद कोणते?

आधी एक गोष्ट मोकळी करून टाकतो: या तपासणीला अर्जच नाही. वयाची ३० वर्षं पूर्ण झाली की तुम्ही पात्र. रेशन कार्डाचा रंग कोणी विचारत नाही, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. कागद लागतात ते पुढे, बायोप्सीचा (जखमेचा छोटा तुकडा काढून तपासतात, तिचा) रिपोर्ट हातात पडल्यावर. आणि माणूस अडतो तोही तिथंच.

गावाकडे सुरुवात आशाताईंपासून होते. त्या घरी येऊन ‘सीबॅक’ म्हणतात तो फॉर्म भरतात. वय, तंबाखू-गुटखा, दारू, कमरेचा घेर, हालचाल किती, घरात कुणाला बीपी-शुगर, प्रत्येकाला गुण. बेरीज ४ च्या वर गेली की तुमचा नंबर आधी. याच फॉर्मच्या दुसऱ्या भागात लक्षणं विचारतात: तोंड उघडायला त्रास होतो का, दोन आठवड्यांत न भरलेली जखम किंवा चट्टा आहे का, आवाज बदललाय का. यातल्या एकालाही ‘हो’ आलं तर गुण कितीही असोत, डॉक्टरकडे पाठवायचं.

इथं लोक सर्रास खोटं सांगतात. सून शेजारी उभी असली की सासूबाई मिशरीचं नावही काढत नाहीत. काहींना तर मिशरी म्हणजे तंबाखू हेच पटत नाही, ‘आम्ही फक्त दात घासतो’ म्हणतात. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात राज्यातल्या १६.६ टक्के बायका धूररहित तंबाखू वापरताना आढळल्या. तेव्हा ‘व्यसन नाही’ हे उत्तर ताईंनी लगेच लिहून घेऊ नये, आणि आपणही देऊ नये.

फॉर्मनंतर उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, टॉर्च लावून तोंड बघतात. जाताना आधार आणि त्याला जोडलेला मोबाईल न्या. त्यावर १४ अंकी आभा क्रमांक, म्हणजे तुमच्या आरोग्याच्या नोंदींचा डिजिटल नंबर, निघतो आणि नोंद पुढच्या दवाखान्यात सापडते. आभा ऐच्छिक आहे, पण काढून ठेवलेला बरा.

कार्यक्रमाच्या नियमाप्रमाणे ही तपासणी पाच वर्षांतून एकदा. माझ्या मते रोज पुडी फोडणाऱ्याला पाच वर्षं फार झाली. त्यानं दर सहा महिन्यांनी दाताच्या डॉक्टरकडे जावं, दाढ दुखो न दुखो. ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयात १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरचेही पैसे नाहीत. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं मात्र वैद्यकीय शिक्षण खात्याकडे येतात, तिथं फी लागते.

खुर्चीत बसल्यावर काय होतं? कवळी असेल तर काढायला लावतात. चुना-तंबाखू कुठल्या बाजूला धरता ते विचारतात आणि आधी तीच जागा बघतात: खालच्या ओठाच्या आत, गालफडाच्या कोपऱ्यात. मग जिभेचं टोक गॉजमध्ये धरून दोन्ही कडा, जिभेखालचा भाग, शेवटी जबड्याखाली बोटं फिरवून गाठी. पाच मिनिटांचं काम. दाताची धार लागून जखम झालेली दिसली तर धार घासून दोन आठवड्यांनी परत बोलावतात. ही दुसरी फेरी चुकवू नका. जखम तरीही तशीच असेल तर बायोप्सी. (घरी बघायचं तर स्वतःची तीन बोटं उभी तोंडात जातात का बघा. गुटखेवाल्यांची अनेकदा जात नाहीत.)

केरळात तिरुवनंतपुरमला १९९६ पासून हजारो लोकांची तोंडं नुसत्या डोळ्यांनी तपासत गेले. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमधले तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू त्यामुळे सुमारे एक तृतीयांशानं घटले. मशीन नव्हतं. ‘तुकडा काढला की पसरतो’ हे पारावरचं शास्त्र आहे. तुकडा तपासल्याशिवाय उपचार ठरत नाहीत आणि उपचारांचा खर्च उचलणारी सरकारी योजनाही सुरू होत नाही.

आता कागद. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना १ जुलै २०२४ पासून राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू आहे. पिवळं, केशरी, पांढरं, कुठलंही कार्ड चालतं. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार. योजनेतल्या रुग्णालयात आधी आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या तिथल्या मदतनिसाचं, टेबल गाठा. मूळ रेशन कार्ड, आधार किंवा दुसरं फोटो ओळखपत्र, बायोप्सीचा रिपोर्ट, झाले असतील ते स्कॅन द्या. रेशन कार्डच नसेल तर अधिवास दाखला. पुढे रुग्णालय ऑनलाइन पूर्वमंजुरी मागतं. ती येण्याआधी खिशातून भरलेले पैसे योजना परत देत नाही, म्हणून घाईनं पैसे भरू नका. शंका असेल तर १५५३८८ ला फोन करा.

माझ्या मावशीचं नाव रेशन कार्डावर माहेरच्या आडनावानं होतं, आधारवर सासरच्या. रिपोर्ट तयार, बेड तयार, आणि आम्ही तहसीलच्या पुरवठा शाखेत रांगेत. ते दिवस फुकट गेले. म्हणून बायोप्सीची चिठ्ठी मिळाली त्याच दिवशी दोन्ही कार्डं शेजारी ठेवून नाव, आडनाव, जन्मसाल ताडून बघा. फरक असेल तर रिपोर्ट येईपर्यंत दुरुस्तीला टाका.

परळच्या टाटाला किंवा दुसऱ्या मोठ्या ठिकाणी जायचं ठरलं तर रिपोर्टच्या झेरॉक्सवर भागत नाही. बायोप्सी जिथं झाली त्या लॅबमधून काचेच्या स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक मागून घ्या. तिथले डॉक्टर ते पुन्हा तपासतात. लॅब सहीवर देते. ब्लॉक मेणाचा असतो, तेवढा उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका.